कच्चा खर्डा

"मास्तर, हात मागं घ्या! काय जाळतासा त्ये?"

बाळासो दारातूनच एवढ्या मोठ्यानं ओरडला, की अंबादास मास्तरांच्या हातातला कागदांचा जुडगा निम्मा बंबात आणि निम्मा फरशीवर पडला. सकाळची वेळ होती. मंगळवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांच्या मागं मोरीपाशी तांब्याचा बंब धुमसत होता आणि मास्तर पंचा गुंडाळून पाटावर बसले होते. बाळासो चपलांसकट आत आला. त्यानं खाली पडलेली पानं उचलली, एकेक डोळ्यांसमोर धरलं आणि पुन्हा खाली टाकली.

"ह्ये माझं न्हवं."

"तुझं कसं असेल? हे त्या साखर कारखान्यावर प्रबंध करणाऱ्याचं. तुझं तर गेल्या दिवाळीच्या आधीच झालं."

"झालं म्हंजे?"

मास्तरांनी नुसतं बंबाकडं बघितलं.

बाळासो मोरीच्या कट्ट्यावर मटकन बसला. तालमीत वाढलेला उंचापुरा गडी, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचा, वर्गात त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत खणखणीत पोचायचा. त्याच आवाजानं तो हळू म्हणाला, "मग गेलो मी, मास्तर. बुडालो."

अंबादास मास्तरांचं काम काय, हे आधी सांगायला हवं, कारण त्यांच्या दारावर कसली पाटी नव्हती. हायस्कुलात आयुष्यभर इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले आणि नंतर प्रबंधांना इंग्रजी घालू लागले. हा शब्द गावानंच काढला होता. आमटीत मीठ घालावं तसं इंग्रजी घालायचं. त्या काळात, म्हणजे एकोणीसशे सत्तरच्या पुढं, कोल्हापुरात जो तो प्राध्यापक डॉक्टरेटच्या मागं लागला होता. बहुतेक सगळे शेतकऱ्यांची मुलं, घरातली पहिली शिकलेली. विषय त्यांना तळहातासारखा माहीत असायचा, पण इंग्रजी लिहायचं म्हटलं की घाम फुटायचा. मराठीत लिहायला बंदी नव्हती. पण बाहेरच्या परीक्षकाला मराठी कुठलं कळायला, असं एकानं म्हटलं आणि मग सगळ्यांनीच म्हटलं. फुलस्केप कागदांवर शाईनं लिहिलेला कच्चा खर्डा काखेत मारून ही मंडळी अंधार पडायच्या सुमारास मास्तरांच्या दारात यायची. अंधार एवढ्यासाठी, की कुणी बघू नये.

मास्तर पैसे घेत नसत. कुणी गुळाची ढेप आणून द्यायचा, कुणी शेंगा. त्यांना मिळायचं ते सुख वेगळंच होतं. चाळीस-चाळीस पोरांच्या वर्गात ज्या इंग्रजीला कुणी विचारलं नव्हतं, तीच इंग्रजी आता जाड कापडी बांधणीत, सोनेरी अक्षरांखाली विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन बसत होती. नाव दुसऱ्याचं असलं म्हणून काय झालं?

आणि इंग्रजी होतीही चोख. इट मे बी ऑब्झर्व्ह्ड दॅट, म्हणजे असे दिसून येते की. इन द लाइट ऑफ द अबव्ह, म्हणजे वरील विवेचनाच्या प्रकाशात. टु अ कन्सिडरेबल एक्स्टेंट. ऑन द होल, म्हणजे एकंदरीत. ही वाक्यं मास्तरांना तरुणपणी एका जुन्या प्राचार्यांनी शिकवली होती. कुठलं कुठं बसतं, कशाच्या पुढं काय येतं, कुठलं परिच्छेदाच्या सुरुवातीला शोभतं आणि कुठलं शेवटाला, सगळं पक्कं. त्यात काडीची चूक निघाली नसती. मास्तर म्हणायचे, "विषय तुमचा, पोशाख माझा."

पोशाखाचा दाखला त्यांना घरातूनच मिळाला होता. त्यांच्या स्वतःच्या लग्नात शिवलेला काळा कोट गल्लीतल्या प्रत्येक नवरदेवानं अंगात घातला होता. कुणाला तो आखूड व्हायचा, कुणाला ढगळ, पण फोटोत सगळे साहेब दिसायचे. कालिंदीकाकू, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, दर लग्नसराईत त्या कोटाला इस्त्री करून द्यायच्या. प्रबंधाचंही तसंच, असं मास्तरांना मनापासून वाटायचं. गरिबाच्या पोरानं चारचौघांत जाताना अंगावर कोट असावा.

त्यांचा एक नियम होता: कच्चं बंबात, पक्कं विद्यापीठात. राजारामपुरीतल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधून प्रबंध टाइप होऊन आला, की उमेदवाराच्या हाताचा खर्डा बंबात जायचा. त्याची मोडकी इंग्रजी उद्या कुणाच्या हाती लागली आणि कॉलेजात त्याची टिंगल झाली, तर? हा अब्रूचा प्रश्न होता. त्या कागदांवर तापलेल्या पाण्यानं मास्तर अंघोळ करायचे आणि एक माणूस मार्गी लागला म्हणून देवापुढं हात जोडायचे.

"नीट सांग बघू, झालंय काय?" मास्तरांनी अंगावर सदरा चढवला. कालिंदीकाकूंनी चहाचा कप बाळासोपुढं ठेवला. त्यानं तो हातात धरला, पण प्यायला नाही.

बाळासोच्या प्रबंधाचा विषय कबनूरच्या यंत्रमागावरचे कामगार. तो स्वतः कबनूरचा. बाप लवकर गेला, आई तानाबाई मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरून त्याला शिकवत राहिली. तो स्वतःही एम.ए. होईपर्यंत सुट्टीत माग चालवायचा. कॉलेजातली नोकरी दरसाल जूनमध्ये मिळायची आणि मार्चमध्ये संपायची. डॉक्टरेट झाली असती तर कायम झाला असता. संस्थेच्या चेअरमननी तसा शब्द दिला होता. नाही तर त्या जागेवर दुसरा डॉक्टर तयारच होता.

"बाहेरच्या परीक्षकाचा रिपोर्ट आलाय. त्यो म्हनतोय, ह्यो प्रबंध चोरलाय."

"काय?"

"पानापानावर खुणा केल्यात, मास्तर. ह्ये वाक्य अमक्याच्या प्रबंधात हाय, ह्ये तमक्याच्या. पयल्या प्रकरणाची सुरुवात आनि शेवटच्याचा शेवट तर सरळ गणपतराव सरांच्या प्रबंधातनं उचललाय, म्हनतोय. त्यो पन त्यानंच तपासलाता."

गणपतराव हे बाळासोचे गाइड आणि विभागप्रमुख. सहा-सात वर्षांमागं त्यांच्याही प्रबंधाला इंग्रजी घातली होती ती मास्तरांनीच. बाळासोला या दाराची वाट दाखवली तीही गणपतरावांनीच.

मास्तरांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. सगळ्या प्रबंधांत त्यांची तीच वाक्यं होती. तोच कोट घातलेल्या गल्लीतल्या सगळ्या नवरदेवांचे फोटो जणू कुणीतरी एका भिंतीवर शेजारीशेजारी लावले होते.

"आता विद्यापीठवाले म्हनत्यात, तुजं सोताचं काय आसंल तर दाखव," बाळासो म्हणाला. "माझ्या हातचा खर्डा आसता तर तोंडावर फेकला आसता. वाईट का हुईना, माझा हुता. बायकांचं बोलनं हुतं त्यात, आईचं बोलनं हुतं."

"मुलाखतींचे कागद असतील ना?"

"कसल्या मुलाखती? मी त्यांच्यातच ऱ्हातो, मास्तर. कोपऱ्यावर बसून आयकलं आनि सरळ खर्ड्यात लिवलं. आकडे तेवढे सरकारी पुस्तकातले. त्ये तर सगळ्यांचेच सारखे."

मास्तरांना एक संध्याकाळ आठवली, गेल्या साली पावसाळ्याच्या शेवटाची. याच खोलीत, याच सतरंजीवर बसून त्यांनी बाळासोच्या खर्ड्यावर लाल शाई चालवली होती. एका पानावर बाळासोनं त्यांचा हात धरला होता. म्हणाला होता, "ह्ये आईचं बोलनं हाय मास्तर. मागांबद्दल. ह्ये ऱ्हाऊ द्या की. इंग्रजी बेकार आसंल माझी, पन ह्ये तसंच पायजे."

आणि मास्तर, इतक्या वर्षांचे मुरलेले मास्तर, हसून म्हणाले होते, "अरे, प्रबंधात आई नसते. प्रबंधात निरीक्षण असतं." मग त्या तीन-चार ओळींवरून आडवी रेघ ओढून त्यांनी वर लिहिलं होतं: असे दिसून येते की माग बंद राहिल्याने कामगार कुटुंबांवर लक्षणीय प्रमाणात प्रतिकूल परिणाम होतो. अर्थात इंग्रजीत. बाळासोनं ते वाक्य दोनदा वाचलं होतं. नंतर त्यालाही ते आवडलं असावं. "भारी दिसतंय की," असं म्हणाला होता.

मास्तर आता आठवू लागले, त्या खोडलेल्या ओळींत काय होतं? पोरांबद्दल काहीतरी होतं. झोपेबद्दल होतं का? आठवेना. स्वतःचं वाक्य मात्र स्वल्पविरामासकट डोळ्यांपुढं उभं राहिलं.

"बाळासो, तुझ्या आईचं ते वाक्य काय होतं रे?"

बाळासोनं कपाळाला आठ्या घातल्या. तोंड उघडलं, मिटलं. "कुटलं? त्येच की... इट मे बी..." तो थांबला. "न्हाय, त्ये तुमचं."

कालिंदीकाकू इतका वेळ दाराला टेकून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, मग तुम्ही जाऊन सांगा ना त्यांना. इंग्रजी मी लिहिली म्हणावं. खरं तेच सांगायचंय."

खरं बोलायला माणसाला फार काही लागत नाही, असं बायकांना वाटतं. त्या दिवशी मास्तरांनाही तसंच वाटलं. बाळासोनं मागं कधीतरी आणून दिलेली धोतरजोडी त्यांनी ट्रंकेतून काढली. कबनूरला त्याच्याच हाताखालच्या मागावर विणलेली. ते धोतर नेसून, टोपी घालून ते बाळासोबरोबर राजारामपुरीत गणपतरावांच्या बंगल्यावर गेले.

गणपतराव व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. अंगानं भरलेले, कपाळाला गंध, बोलण्यात अजून गावचा रांगडेपणा. मास्तरांना बघून ते उठून उभे राहिले, वाकून नमस्कार केला, आतून खुर्ची आणवली. मास्तरांनी सांगायला सुरुवात केली आणि गणपतरावांनी पेपराची घडी घालायला सुरुवात केली. सांगून होईपर्यंत घडी अगदी लहान झाली होती.

"मास्तर, तुमी बोलायला जानार, ते कशासाठी? ह्याला वाचवायला, व्हय?"

"हो."

"मग आयका. तुमी सांगितलं की इंग्रजी माझी, तर चोरीचा आळ जाईल. कबूल. पन मग परीक्षक विचारनार, ह्या पोराचं सोताचं हाय काय ह्यात? दुसऱ्यानं लिवलेला प्रबंध म्हनून नापास करनार. चोर म्हनून मारा, न्हायतर परक्याच्या जिवावर उड्या मारनारा म्हनून मारा. मरनार त्योच."

बाळासो व्हरांड्याच्या खांबाला पाठ लावून उभा होता. त्यानं मान खाली घातली.

"आनि त्येच्याबरुबर आमी," गणपतरावांचा आवाज खाली आला. "माझा प्रबंध निघंल, आनि ज्यांना ज्यांना तुमी मार्गी लावलं त्या सगळ्यांचा. प्राचार्य झाल्यात त्यातले. पोरीबाळींची लग्नं ठरल्यात. मास्तर, तुमचे उपकार हायत. जल्मात फिटायचे न्हाईत. पन तेवढं तोंड उघडू नका."

"मग तुम्ही गाइड आहात," मास्तर म्हणाले. "तुम्ही सांगा, की याचं काम खरं आहे. कबनूरला तो काय करत होता ते तुम्हाला ठाऊक आहे."

"मी विद्यापीठाला लिवलंय एवढंच. ती वाक्यं माझ्या नजरेतनं सुटली, म्हनून." गणपतराव मास्तरांकडं न बघता म्हणाले. "ह्यापेक्षा जास्त लिवलं तर माझाच प्रबंध काढतील की वर. त्यात काय हाय, ते तुमाला ठावं हाय."

मास्तरांना ठाऊक होतं. सहा-सात वर्षांपूर्वी गणपतरावांनीही असाच एक खर्डा आणला होता, पन्हाळ्याच्या पायथ्याच्या खेड्यांबद्दलचा, घामाचे डाग पडलेला. आज इंग्रजी वाक्याशिवाय त्यातलं काही मास्तरांना आठवत नव्हतं आणि गणपतरावांनाही आठवत नसावं.

गणपतरावांच्या घरातून चहा आला. तिघांनीही तो प्यायला. निघताना गणपतराव फाटकापर्यंत सोडायला आले आणि बाळासोच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "परीक्षक सोता येनार हाय तोंडी परीक्षेला. मानूस वाईट न्हाय. तिथं सोताच्या शब्दांत बोल. त्येला पटलं तर निभंल."

एवढ्याशा बोलण्यावर दोघं तरले. पुढचे काही दिवस बाळासो रोज मास्तरांकडं येत राहिला. मास्तर प्रश्न विचारायचे, तो उत्तरं द्यायचा. पण उत्तर अडलं की मास्तरांच्या तोंडून पुढचं वाक्य आपसूक बाहेर पडायचं आणि बाळासो ते उचलायचा. दोघांनाही त्यात वावगं वाटलं नाही. वर्गात अशीच तर तयारी करून घेतात. कालिंदीकाकू आतून एकदा म्हणाल्या, "त्याला बोलू दे की जरा," तेव्हा मास्तर म्हणाले, "तोच बोलतोय, अगं."

तोंडी परीक्षेच्या दिवशी मास्तर घराच्या पायरीवर बसून राहिले. दुपार कलली तेव्हा बाळासो आला. अंगात कोट होता. काळा. तोच. कालिंदीकाकूंनीच सकाळी इस्त्री करून दिला होता. त्याला तो खांद्यात घट्ट होत होता आणि बगलेत घामानं भिजला होता.

"मानूस खरंच चांगला हुता, मास्तर," तो पायरीवर टेकत म्हणाला. "पानी दिलं, बसा म्हनला. मग विचारलं, तुमच्या भागातल्या बायका माग बंद पडल्यावर काय म्हनतात? मी सुरू झालो. इट मे बी ऑब्झर्व्ह्ड... त्यानं हात वर केला. म्हनला, हे मी वाचलंय, आनि दुसऱ्या तिघांचंबी वाचलंय. तुमच्या शब्दांत सांगा. मी गप. मग म्हनला, मराठीत सांगा, तुमचे सर हायत, ते मला समजून देतील."

"मग?"

"मराठीत सांगाय गेलो, आनि तोंडातनं आलं, असे दिसून येते की." बाळासो हसला. हसू बरं नव्हतं. "आईचं बोलनं मला मराठीतबी आईगत येईना, मास्तर. जल्मापासनं आयकतोय की मी त्ये. कुटं गेलं?"

बाळासोनं कोट काढला, नीट घडी घातली आणि कालिंदीकाकूंच्या हातात दिला. "काकू, बगलंत उसवलाय जरा," म्हणाला.

प्रबंध नामंजूर झाला. पुन्हा सादर करण्याची मुभा नाही, असं खाली लिहून आलं. जूनमध्ये कॉलेज सुरू झालं, बाळासोला नोकरीची ऑर्डर आली नाही. चोरीचा प्रबंध केलेला माणूस म्हणून इचलकरंजीच्या कॉलेजातही कुणी उभं केलं नाही. गावात बातमी पसरायला पेपर लागत नाही. साखर कारखान्याचा प्रबंध करणारा मात्र गाइडनं सांगितलेलं एक वाढीव प्रकरण घेऊन अंधार पडल्यावर पुन्हा आला होता. मास्तरांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. तो दुसऱ्या कुणाकडं तरी गेला असेल.

मास्तरांचं लिहिणं सुटलं. बंब पेटवायला कालिंदीकाकू शेणी आणि चिपाडं आणू लागल्या. मास्तर दिवसभर खिडकीत बसायचे आणि त्या खोडलेल्या ओळी आठवायचा प्रयत्न करायचे. एका पोराचं आयुष्य जिच्यावर तरलं असतं, ती गोष्ट आपण वाचली होती, आपल्या डोळ्यांनी वाचली होती आणि तिच्यावर रेघ ओढताना आपल्याला फक्त शुद्धलेखन दिसलं, हे त्यांना सहन होत नव्हतं. एके दिवशी त्यांनी ठरवलं, की कबनूरला जायचं. तानाबाईला भेटायचं, तिच्या तोंडून पुन्हा ऐकायचं, आणि या खेपेला तसंच्या तसं उतरवायचं. मग बाळासोला म्हणायचं, चल, पुन्हा लिहू. दुसऱ्या विद्यापीठात देऊ. कालिंदीकाकूंनी काही विचारलं नाही. पिशवीत दोन कोरे फुलस्केप कागद आणि पेन मात्र त्यांनीच घातलं.

कबनूरच्या स्टँडवर उतरल्यापासूनच मागांचा खडखडाट सुरू झाला. घरंच कारखाने आणि कारखानेच घरं. विचारत विचारत मास्तर एका पत्र्याच्या शेडपाशी पोचले. आत चार माग चालले होते आणि त्यातल्या दोहोंच्या मधोमध बाळासो उभा होता, बनियन घालून, केसांत कापसाचे कण अडकलेले. त्यानं मास्तरांना बघितलं, हात हलवला, काहीतरी म्हणाला. ऐकू आलं नाही. त्यानं कोपऱ्याकडं बोट दाखवलं.

कोपऱ्यात तानाबाई कांड्या भरायच्या यंत्राशी बसली होती. वाळकी, काळीसावळी, हात मात्र भराभर चालणारे. यंत्राचा एक पाय लंगडा होता, त्यामुळं ते सारखं थरथरत होतं आणि ती गुडघा लावून त्याला धरत होती. तिच्या मागं, वाशाला बांधलेल्या झोळीत शेजारणीचं पोर झोपलं होतं. एवढ्या गोंगाटात, तोंड उघडं टाकून, गाढ.

मास्तर तिच्या शेजारी उकिडवे बसले आणि तिच्या कानाशी ओरडले, "मी अंबादास मास्तर! कोल्हापूरचा!"

तानाबाईनं डोईवरचा पदर सावरला. "बाळासो सांगायचा तुमचं! लई केलासा त्येच्यासाठी!"

ती हे मनापासून म्हणत होती. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी ते ओरडले, "तुम्ही बाळासोला एकदा सांगितलं होतं! माग बंद पडल्यावर काय होतं ते! काय सांगितलं होतं?"

"कवा?"

"दोन वर्षं झाली असतील!"

तानाबाई आठवू लागली. मग तिनं मान हलवली. "काय की बाई! बोलल्यालं ध्येनात ठिवाय येळ कुटाय आमाला?"

तेवढ्यात लाइट गेली.

सगळे माग एकदम थांबले. या शेडमधले, शेजारच्या, पलीकडच्या गल्लीतले. कान बधिर व्हावेत अशी शांतता पडली. आणि त्या शांततेत झोळीतलं पोर दचकलं, त्यानं हातपाय झाडले आणि टाहो फोडला. पलीकडच्या घरातून दुसरं रडू लागलं, त्याच्या पलीकडं तिसरं. तानाबाई यंत्रावरून उठली, तिनं पोर उचलून खांद्यावर घेतलं. "जागी झाली बगा समदी," ती म्हणाली. "आवाज थांबला की पोरं भित्यात. आनि पोरं जागी झाली की आमाला कळतं, आज चूल पेटायची न्हाय."

मास्तर ताठ झाले. हेच. हेच होतं ते. खर्ड्यातलं पान, बाळासोचं गिचमिड अक्षर, वरची लाल रेघ, सगळं लख्ख आठवलं. त्यांनी पिशवीतून कागद काढला, मांडीवर पसरला, पेनाचं टोपण काढलं. बाळासो बनियनला हात पुसत जवळ येऊन उभा राहिला.

"सापडलं, बाळासो. ऐकलंस ना? सापडलं. थांब, आधी लिहून घेतो."

त्यांनी लिहिलं. इतक्या वर्षांची सवय, पेन इंग्रजीतच चाललं. लिहून होईपर्यंत बाळासो मागून वाचत होता.

"मास्तर," मग तो हळूच म्हणाला, "परत त्येच झालं की."

मास्तरांनी कागदाकडं बघितलं. इट मे बी ऑब्झर्व्ह्ड दॅट. वळणदार, टपोऱ्या अक्षरात. त्यांनी ते खोडलं. खाली दुसरी ओळ सुरू केली, दोन शब्द झाले आणि पेन थांबलं. ऑन द. पुढचा शब्द पेनाच्या टोकाशी येऊन उभा होता. मास्तरांनी तो लिहिला नाही. दुसरा कुठलाही आला नाही.

"ऱ्हाऊ द्या," बाळासो म्हणाला. त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. "उनाचं आलासा. आई, मास्तरांना पानी दे."

लाइट आली. माग पुन्हा खडखडू लागले, बाळासो वळून आपल्या जागी गेला. तानाबाईच्या खांद्यावरचं पोर बघता बघता पेंगलं. तिनं त्याला झोळीत घातलं, मास्तरांना तांब्या दिला आणि मग त्यांच्या मांडीवरच्या कागदाकडं बोट करून काहीतरी विचारलं. मास्तरांनी कान पुढं केला.

"लागनार हाय का त्यो?"

मास्तरांनी मान हलवली. नाही.

तिनं कागद घेतला, चार पदरी घडी घातली, पुन्हा दुमडली, वाकून यंत्राच्या लंगड्या पायाखाली सारली आणि वरून तळहातानं दाबून बघितलं. यंत्र हलायचं थांबलं. तिनं समाधानानं मास्तरांकडं बघितलं आणि नवी कांडी लावली.